सशांच्या सिस्टर

फुकटचा ससा मागायला आलेल्या माणसाला सिस्टर जितके प्रश्न विचारायच्या, तितके आमच्या चिखलीत मुलीचा बापसुद्धा विचारत नसेल. घरात कोण कोण असतं? उन्हाळ्यात गावाला कुठे जाता? कुत्रं आहे का? शेजाऱ्याच्या मांजराचं काय? बिचारा माणूस "राहू द्या हो बाई" म्हणत, कपाळ पुसत फाटकाबाहेर पडायचा. ससा न्यायला आलेल्या घराला त्या 'स्थळ'च म्हणायच्या. "आज एक स्थळ आलं होतं. बाई बरी होती, पण नवरा सारखा मोबाइल पाहून राह्यला होता. नाई जमत," असं मला सांगायच्या आणि मी पोट धरून हसायचो. एखादं स्थळ पसंत पडलंच, तर महिन्याभराने तिथे चक्कर ठरलेली. ससा वाळलेला दिसला की सरळ पिशवीत घालून परत आणायच्या.

सगळी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. अंगाने बुटक्या, पण आवाज वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचणारा. नवरा आधीच गेलेला, मुलगा नाशकात नोकरीला. भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. माझं बसस्टँडजवळ मेडिकल आहे. एक दिवस दुकानात आल्या. "जय भीम भाऊ. सिरिंज दे एक, सुई नको." कशाला म्हटलं, तर म्हणाल्या, "पेशंट खाऊन नाई राह्यला." पेशंट त्यांच्या पिशवीत होता आणि त्याचे कान बाहेर आले होते. त्या दिवशी मी जो या भानगडीत अडकलो, तो अडकलोच.

ससे यायचे कुठून? कुणाच्या पोराच्या वाढदिवसाचा, कुणी जत्रेतून हौसेने आणलेला. पोरांची हौस आठ दिवसांत फिटते. मग घरभर लेंड्या दिसायला लागतात, टीव्हीची वायर कुरतडली जाते आणि एके सकाळी सिस्टरांच्या फाटकाशी एक खोकं येऊन पडतं. ठेवणारा पसार. जे तोंड दाखवायचे ते वर शहाणपण शिकवायचे, "तुम्ही नाही घेतला तर शेतात सोडतो बाई, मोकळा राहील." झालं, सिस्टरांचा पारा चढायचा. "पिंजऱ्यात जन्मलेला जीव हा, पांढराफट्टक! याले रान काय समजते? शेतात सोडला म्हणजे कुत्र्याच्या तोंडी देला. तुमचे हात कोरडे राह्यले, येवढंच!" ससा हिसकावून घ्यायच्या आणि त्या माणसाला उभ्या उभ्या हाकलायच्या.

सकाळी उठल्या की चहाच्या आधी राउंड. दवाखान्यात घ्यायच्या तसाच. प्रत्येक पिंजऱ्यापुढे बसून काल टाकलेलं गवत किती उरलं ते बघायच्या. मला सांगायच्या, "सशाचं दुखणं तोंडावर दिसत नाई, भाऊ. माणूस कण्हते, रडते. हा चूप राह्यते. खाणं थांबलं की समजजो, आपल्याले उशीर झाला." मला त्या चिडवायच्या की तू बोलत राहतोस म्हणून तुझी काळजी वाटत नाही.

आमची म्हणे संस्था होती. म्हणजे एक व्हॉट्सॲपचा ग्रुप. फोटोवर हृदयं टाकायला माणसं ढीगभर. लेंड्या उचलायला सिस्टर, मी आणि कॉलेजची दोन-चार पोरं, तीही परीक्षा आली की गायब. पण त्याच ग्रुपने वर्गणी काढून सिस्टरांच्या घरामागे शेड बांधून दिलं, हे कबूल केलं पाहिजे. चांगले जाड पत्रे घातले, पावसाची कटकट नको म्हणून. त्या पत्र्यांचं काय कौतुक केलं आम्ही! होळीपासून खाली दोन कूलर लावायचे आणि पाऊस येईपर्यंत बंद करायचे नाहीत. लाइट जाऊन जाऊन किती जाईल, तास-दोन तास, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा अमडापूरहून एक म्हातारे बाबा एसटीने आले. हातात टोपली, टोपलीत जुन्या लुगड्याची घडी अंथरलेली. म्हणाले, "म्हातारी दिवसभर एकटी राह्यते. गुडघ्यानं बाहेर निंगता येत नाई तिले. जराशी सोबत होईन." घरात कुत्रं नाही, मांजर नाही, माणसं कुठे जात नाहीत. सिस्टर खुशीत आल्या. शेवटी सहज विचारलं, "बाबा, ससा खाल्ला का कधी?" बाबा म्हणाले, "खाल्ला ना बाई. लहानपणी रानात फासे लावत होतो आमी." सिस्टरांचा चेहराच बदलला. "नाई जमत, बाबा." बाबांनी टोपली उचलली आणि स्टँडकडे चालायला लागले. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "सिस्टर, म्हातारा खोटं बोलला असता तर दिला असता का?" "हाव," त्या म्हणाल्या, "मले समजलं नसतं."

मग तो मे महिना आला. भर दुपारी नाक्यावरची डीपी धडाड्दिशी जळाली. आमच्या भागाची लाइट गेली ती गेलीच. लाइटवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन दिवस लागतील, चार लागतील, सगळीकडेच जळून राह्यल्या. जनरेटर शोधायला गेलो, तर लग्नसराई, एकूण एक जनरेटर मांडवात. नळाला पाणी येऊन आठवडा झालेला, पोती भिजवायची कशाने? ग्रुपवर हाका मारल्या, तर जोडलेल्या हातांची रांग लागली.

त्या शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. ससे फरशीवर लांबट पसरले होते, तोंडं उघडी, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मी बर्फाची लादी आणली, ती बघता बघता पाणी झाली. सिस्टर ओल्या फडक्याने एकेकाचे कान पुसत पुढे सरकायच्या, शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिल्याचे कान सुकलेले. पहिला ससा त्यांच्या हातातच गेला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुढच्याला हात घातला. मी तिथेच उभा राहिलो, तर ओरडल्या, "उभा काय राह्यला? रडायले मंग टाइम भेटन!" संध्याकाळी लिंबाखाली मी खड्डा खणला. एक कमी पडला, म्हणून दुसरा खणला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच पत्रा तडतडायला लागला. मी म्हटलं, "सिस्टर, अमडापूरच्या जुन्या गल्लीत अजून धाब्याची घरं आहेत. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचं छत. आत माठासारखं गार असतं. त्या बाबांकडे जाऊ." त्या म्हणाल्या, "त्या बाबाकडं? कोण्या तोंडानं जाऊ मी?" मग शेडमध्ये एकदा नजर टाकली आणि म्हणाल्या, "गाडी आण."

टोमॅटोच्या कॅरेटांत ओली फडकी घालून ससे भरले. पण जे म्हातारे होते, ज्यांची औषधं चालू होती, ते त्यांनी वेगळे काढले आणि स्वतःच्या घरात मोरीजवळ नेऊन ठेवले. मी विरोध केला, तर म्हणाल्या, "हे मी कोणाले देणार नाई. यायचं दुखणं मलेच समजते."

अमडापूरला बाबा दारातच बसले होते. वॉर्डभर घुमणारा सिस्टरांचा तो आवाज आज अगदी खाली आला. "बाबा, ससे मरून राह्यले," एवढंच म्हणाल्या. बाबांनी कॅरेटांकडे बघितलं, सिस्टरांकडे बघितलं. "त्या दिवशी खरं बोललो तं वापस पाठोलं. आता काय सांगू, बाई? खोटं बोलू?" सिस्टर म्हणाल्या, "काहीच नका सांगू. जागा द्या." तेवढ्यात आतून म्हातारी कडाडली, "त्यायले उन्हात कायले उभं करून राह्यले? आणा ना आतमंदी!" आत गेलो आणि अंगावर गारवा आला, नुकती सारवलेली जमीन पायाला ओलसर लागली. बाबा स्वतः गल्लीत फिरले, दारं उघडत गेली. कुणाच्या घरी चार, कुणाच्या घरी पाच असे ससे वाटले. सिस्टरांनी त्या दिवशी एकाही घराला एकही प्रश्न विचारला नाही.

चौथ्या दिवशी लाइट आली. मी धावतच त्यांच्याकडे गेलो, तर सिस्टर मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. घरावर सिमेंटचा स्लॅब, दिवसभर तापायचा आणि रात्रभर आग ओकायचा. मांडीवर टॉवेल होता, टॉवेलात शेवटचा ससा. वेगळे काढलेले सगळे गेले होते. "ज्यायले मी कोणाच्या हाती देलं नाई, तेच मेले रे भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या बाबाकडं असते तं जगले असते." एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मी पण तिथेच बसून रडलो.

ससे आणायला रिकामी कॅरेटं घेऊन अमडापूरला गेलो. बाबांनी आधी तेच सांगितलं, "एक गेला, बाई. पयल्याच दिवशी. परसात गाडला, दाखू का?" बाकी सगळे धडधाकट होते. म्हातारीच्या दुखऱ्या गुडघ्याला टेकून एक पांढरा ससा झोपला होता. सिस्टर ओसरीवर बराच वेळ बसल्या, म्हातारीने दिलेला चहा प्यायल्या आणि उठल्या. कॅरेटं रिकामीच परत आली.

शेड पुन्हा उघडलं नाही. मी हातापाया पडलो, पोरांनी विनवलं. "नाई," त्या म्हणाल्या, आणि मुलगा येऊन त्यांना नाशकाला घेऊन गेला. अजूनही फाटकाशी खोकं पडलेलं असतं. मी ते उचलतो आणि थेट अमडापूरची गल्ली गाठतो.

उन्हं तापायला लागली की रोज दुपारी सिस्टरांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, गावातलं काही विचारत नाहीत. "भाऊ, लाइट हाये का?" शेडमध्ये एक ससा नाही, पत्रेसुद्धा काढून टाकले, हे मी त्यांना सांगितलंय. त्यांना माहीत आहे. तरी विचारतात. कालही फोन आला. दुकानात अंधार होता, पंखा थांबलेला, शर्ट पाठीला चिकटलेला.

"हाये, सिस्टर," मी म्हटलं.

"कूलर चालू हाये?"

"चालू हाये."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.