लागोसहून नैरोबीला डोकावून ये

ऑफिसनं मला चार दिवसांसाठी लागोसला पाठवायचं ठरवलं आणि क्रॉयडनच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना मी ते मोठ्यानं सांगितलं, ही माझी पहिली चूक. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. धाकटी बहीण नैरोबीत तीन आठवड्यांची बाळंतीण होती.

"आफ्रिकेतच ना? मग तिच्याकडे डोकावून ये," आई म्हणाली.

तेव्हाच नकाशा उघडायला हवा होता. पण लंडनच्या आसपास राहिलं की जगाचा भूगोल आपोआप येतो, असा माझा समज. मी बहिणीला फोन लावून सांगूनही टाकलं, "येतो गं, दोन तासांचं तर काम."

दुसऱ्या दिवशी आईनं डिंक तळायला घेतला. स्मोक अलार्म दोनदा वाजला. शेजारचे आजोबा काळजीनं विचारायला आले आणि लाडू खात परत गेले. लाडवांच्या डब्यावर झबली आली, टोपडी आली, बाळंतशोपा आल्या. परदेशी निघालेल्या माणसाची बॅग आमच्या घरात त्याची नसतेच. माझे दोन शर्ट कसेबसे कोपऱ्यात बसले.

मग मी तिकीट बघायला बसलो. लागोस ते नैरोबी जवळजवळ अडतीसशे किलोमीटर. थेट विमान मिळालं तरी पाच तास. घड्याळंसुद्धा दोन तासांनी वेगळी.

"आई, पुणं-दिल्ली तीनदा केल्यासारखं आहे हे."

"मग कबूल कशाला केलंस?"

चूक माझीच होती, म्हणून मी चिडलो. "आफ्रिका म्हणजे काय सदाशिव पेठ आहे? एका गल्लीतून शिरलं आणि दुसरीतून बाहेर पडलं? जरा नकाशा बघत जा."

"बघितलाय," ती शांतपणे म्हणाली. "लागोसचं नव्हतं माहीत. पण लंडन-नैरोबी साडेआठ तास. पुण्यातून निघायच्या आधीच बघून ठेवलं होतं."

"कशाला?"

"तिच्या बाळंतपणाला जायचं होतं मला. तू म्हणालास, बायकोची नवी नोकरी आहे, आमच्या मुलीला सांभाळायला आधी इकडे ये. आले."

मी तेव्हा तिला काय हवंय ते विचारलं नव्हतं, नुसतं सांगून तिकीट पाठवलं होतं. मला फार लाज वाटली. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि लंडन-नैरोबीची तिकिटं उघडली. चष्मा लावून ती शेजारी बसली. आमच्याकडचे तिचे अजून तीन महिने बाकी होते.

"शुक्रवारचं मिळतंय," मी म्हणालो. "परतीचं कधीचं काढू?"

"एकेरीच काढ," आई म्हणाली. "तिकडून मी परस्पर पुण्याला जाईन."