तेल कुठून येतंय

शेजाऱ्यानं दादाला पहिला गुद्दा मारला तेव्हा मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते. कॉलेजला निघालेले, कानात इयरफोन, त्यामुळे आवाज आलाच नाही. फक्त दादाचं डोकं आमच्या गाडीच्या दारावर आपटलेलं दिसलं. मग तो खाली बसला आणि नाकातून रक्त, म्हणजे इतकं रक्त यार, की शर्टचा रंगच बदलला.

इयरफोन ओढून काढले तेव्हा शेजारी ओरडत होता, "मेरी माँ गिरी है तेरे तेल पे! हाथ टूट गया उसका!"

ते खरं होतं. त्याची आई रोज सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालायला खाली यायची. आदल्या दिवशी स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, आमच्या गाडीखालून वाहत आलेल्या तेलावर तिचा पाय सरकला. मनगट मोडलं. हॉस्पिटलला आम्हीच नेलं तिला, त्याच गाडीतून, आणि ती बिचारी वाटभर म्हणत होती, "कोई बात नहीं बेटा." मुलगा मात्र तसा नव्हता. त्यानं कुंडीखालची वीट उचलली आणि आमच्या गाडीची मागची काच फोडली.

"अब एक बूँद भी दिखी, तो गाड़ी फूँक दूँगा. और तुझे अंदर बिठा के फूँकूँगा."

दिल्लीच्या द्वारकेत हे नुसतं बोलणं समजायचं नसतं. आमच्याच सोसायटीत पार्किंगवरून एकाचा अर्धा कान गेला होता.

दादानं रक्तही पुसलं नाही. तसाच वर आला, आणि रात्री झोपताना जॅकचा लोखंडी रॉड उशाला घेतला. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाला, "पुन्हा अंगावर आला तर डोकं फोडणार त्याचं. बिल्कुल फोडणार." दादाचे डोळे बघून मला कळलं, हा फोडेल. म्हणजे आता तेल थांबलं नाही तर एक तर दादा मरणार, नाहीतर जेलमध्ये जाणार. इतकं सिंपल होतं ते.

गाडीबद्दल सांगते. गुडगावच्या एका प्रॉपर्टी डीलरनं वापरून वापरून पिळून काढलेली भलीमोठी काळी एसयूव्ही. आत लेदर सीट, वर सनरूफ. बाबा जन्मभर ऑफिसच्या चार्टर्ड बसनं गेलेले, सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी. नव्या मॉलसमोरून जाताना अशा गाड्या बघायचे आणि मान वळवायचे. मग एक दिवस घेऊनच आले. कंपनीच्या सर्विस सेंटरवाल्यांनी अख्खं इंजिन उतरवायला सांगितलं, तेव्हा बाबा खुर्चीतून उठून थेट घरी आले. "आपणच बघू." आपण म्हणजे मी आणि दादा. कारण बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. दादानं सरकारी परीक्षांचा अभ्यास सोडून कॉल सेंटर धरलं, त्या दिवशी बाबांनी पट्टा काढला होता आणि दादानं तो हातातून हिसकावून खिडकीबाहेर फेकला होता. तेव्हापासून सगळं माझ्यामार्फत. बाबांना सांग. त्याला सांग. पागल झाले होते मी.

रविवारी आम्ही बोनेट उघडलं. अच्छा, तेलाची गंमत अशी की ते खाली टपकतं म्हणून सगळे खाली शोधतात. येत असतं वरून. गाडी पळाली की वाऱ्यानं मागे पसरतं आणि अख्खं इंजिन काळं दिसतं, काही कळत नाही. म्हणून आधी डिझेल आणि ब्रशनं घासून काढलं. पत्र्याच्या कडांनी माझी तीन बोटं कापली, दादाचं कोपर भाजलं, शिव्या तर विचारूच नका. मग कोरड्या इंजिनवर आईची टाल्कम पावडर मारली, आईचा नवा डबा, अर्धा. तेल जिथून निघेल तिथे पावडरीवर ओली रेघ उमटते. इंजिन चालू केलं, टॉर्च धरला, आणि दिसली! मागच्या कोपऱ्यात, टॅपेट कव्हरच्या खालून. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. त्याचं रबरी पॅकिंग वाळून कडक झालं होतं. तेल तिथून गरम पाइपवर पडून धूर, आणि उरलेलं जमिनीवर.

मेट्रोनं करोल बागला जाऊन पॅकिंग आणलं. दादानं जुनं पॅकिंग स्क्रूड्रायव्हरनं असं खरवडून काढलं की जणू शेजाऱ्याचंच तोंड खरवडतोय. एक बोल्ट निघेना तर त्यावर हातोडीनं इतके घाव घातले की मला वाटलं, इंजिनच फुटेल. पण बसलं नवं पॅकिंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली तेल. पहिल्यापेक्षा जास्त!

शेजाऱ्याचा दरवाजा उघडायच्या आत मी बादलीभर रेती आणून त्यावर टाकली, पायानं दाबली. एवढ्यात बाबा उतरले, हातात इंजिन ऑइलचा कॅन. बोनेट उघडलं आणि सरळ ओतायला लागले. मागून दादा आला.

"बाबांना विचार, हे काय करतायत."

"त्याला सांग, तेल गळतंय म्हणजे आत कमी झालंय. इंजिन जॅम होईल."

"मी काल रात्रीच टाकलंय!"

"त्याला सांग, मी पण टाकलं होतं. परवाही."

मी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. आमच्या घरी देवापुढचा दिवा असाच चालतो ना, आईचा नियम, येताजाता ज्याला तेल कमी वाटेल त्यानं घालावं, विचारत बसू नये. हे दोघं गाडीलाही तेच करत होते! खाली डाग दिसला की ओत. पट्टी कोणी बघायची नाही, एकमेकांना सांगायचं तर नाहीच. आत तेल इतकं झालं की इंजिन ते घुसळून दाबानं बाहेर फेकत होतं. नवं पॅकिंग काय करणार?

हे मी सांगितलं आणि बाबांनी कॅन फेकून मारला. दादाच्या छातीवर लागला. दादानं बाबांची कॉलर धरली आणि त्यांना गाडीवर दाबलं, बाबांच्या चपला निघाल्या, बाबा त्याच्या तुटक्या नाकाकडे हात नेत होते, आणि मी अक्षरशः पार्किंगचा झाडू घेऊन दादाच्या पाठीत हाणत होते. "सोड! सोड त्यांना!"

सोडलं. तिघं धापा टाकत उभे.

मग जास्तीचं तेल खालच्या बोल्टातून काढलं, दाबानं सरकलेलं पॅकिंग पुन्हा नीट बसवलं. दोघं एकाच इंजिनवर वाकलेले, पण पाना हवा असला तरी माझ्यामार्फत.

पुढच्या रविवारी शेजारी तपासायला आला. त्याची आई सोबत, हात प्लास्टरमध्ये. तो टॉर्च घेऊन पोटावर झोपला आणि खांद्यांपर्यंत गाडीखाली गेला. मी वळून बघते तर दादाच्या हातात रॉड. कधी घेतला माहीत नाही. शेजाऱ्याची पाठ त्याच्या पायाशी होती, उघडी. रॉड वर गेला.

बाबांनी दादाचं मनगट पकडलं.

"नाही," म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. त्याच्याकडे.

"नाक फोडलंय यानं माझं."

"माहितीये मला. नाही."

"सूखा है," गाडीखालून आवाज आला.

"सूखा है तो बाहर निकल," म्हातारी म्हणाली, "सोने गया है वहाँ?" तिला रॉड दिसत होता. ती दादाच्या आणि मुलाच्या मध्ये येऊन उभी राहिली, प्लास्टरचा हात पुढे धरून. मुलगा बाहेर आला, त्यानं रॉड बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. आईनं चांगल्या हातानं त्याचा दंड धरून त्याला लिफ्टमध्ये ढकललं.

लिफ्ट वर गेली तरी बाबांनी मनगट सोडलं नव्हतं. दादाची बोटं पांढरी पडली होती.

"सोडा. दुखतंय."

"दुखू दे," बाबा म्हणाले.