स्टँडचा लाल दिवा

इथले भुताखेतांचे अनुभव माझा मुलगा मला मोबाइलवर वाचून दाखवायचा आणि मी हसायचो. माझी चाळीस वर्षं रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. बंद पडलेल्या वस्तूच्या आत भूतबीत काही नसतं, सोल्डरचा सुटलेला टाका असतो, हे मी कित्येक गिऱ्हाइकांना सांगितलं आहे. आजही माझं मत तेच आहे... फक्त एका वस्तूपुरतं ते टिकत नाही.

पण मी तेवढ्यासाठी लिहीत नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती मी लपवली, आणि तिचा दोष सहा वर्षं एक बाई वाहते आहे. ते सांगायचं आहे. मी बहात्तर वर्षांचा आहे. आता थांबण्यात अर्थ नाही.

शिरूर कासारपासून चार-पाच किलोमीटरवर आमची वाडी आहे. दुकान बंद केल्यावर मी घराच्या पडवीतच टेबल मांडलं होतं. कुणाचा मिक्सर, कुणाचा चार्जर, असं किरकोळ काम यायचं. वाडीत सगळे मला तात्या म्हणतात. बाकीची नावं बदलली आहेत.

रामकिसन आमच्या घराला लागूनच राहायचा. तो आणि त्याची बायको सुनंदा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्याला, माणसाला नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर टोळी ट्रकने पुढे गेली होती. हे दोघे मोटरसायकलवर मागून जाणार होते. निघायच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास रामकिसन गाडी घेऊन माझ्या दारात आला. बीडहून आणलेली निळ्या एलईडीची पट्टी त्याच्या हातात होती.

"तात्या, मीटर निळंशार करून द्या. ते पिवळट बघून कटाळा आला."

"अरे, ऊस तोडायला चाललास का वरातीला?"

"कारखान्याच्या तळावर धा गाड्या एकसारक्या असत्यात. आपली लांबून वळखू आली पायजे." मग हळूच म्हणाला, "सुनंदाला बी निळाच रंग आवडतो. पर तिला सांगू नका मी असं म्हणलो म्हनून."

मीटर उघडणं, आतल्या पट्टीवरचे बारीक एलईडी उपसून दुसऱ्या रंगाचे बसवणं, हे काम मी मोबाइलवर पाहून शिकलो होतो. दोन-तीन पोरांच्या गाड्या करूनही दिल्या होत्या. एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तांदळाच्या कणीएवढ्या त्या एलईडीवर एका बाजूला हिरवी खूण असते. ती बाजू चुकली की एलईडी लागत नाही, कारण वीज त्यातून एकाच दिशेने जाते. ती खूण मला दिसत नव्हती. मी अंदाजाने बसवायचो आणि लागला नाही तर उलटवायचो.

काट्यामागचे सगळे दिवे निळे झाले. शेवटचा बसवताना सोल्डरिंगचं तापलेलं टोक बाजूच्या स्टँडच्या दिव्याला लागलं. गाडीचा साइड स्टँड खाली असला की जो लाल दिवा लागतो, तो. एलईडी उपटून त्या टोकाला चिकटला आणि जळाला. माझ्याकडे लाल नव्हता. मी तिथेही निळा बसवला. बॅटरीच्या तारा लावून पाहिलं. सगळं मीटर उजळलं आणि स्टँडचा दिवा तेवढा काळा राहिला. म्हणजे तो उलटा बसला होता.

तो उलटवायला दहा मिनिटं पुरली असती. पण रामकिसन समोर बसला होता, माझे डोळे आधीच पाणावले होते, आणि त्याच्यासमोर मी दोनदा चाचपडलो होतो. तिसऱ्यांदा चाचपडलो असतो तर त्याने विचारलं असतं, तात्या, दिसत न्हाई का? मी मीटरचं झाकण बसवलं.

"झालं का, तात्या?"

"झालं," मी म्हणालो.

आमच्या धंद्यातली जुनी सवय म्हणून चारही स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मागाहून कुणी वस्तू उघडली तर ठिपका तडकतो आणि आपल्याला कळतं. रामकिसन खुशीत गाडी घेऊन गेला.

दुपारी दोघे निघाले. मुलगी शिवानी तेव्हा सात वर्षांची होती. तिला तळावर न्यायचं की शाळेसाठी आजीजवळ ठेवायचं, यावरून नवरा-बायकोचं घरातच वाजलं होतं. शेवटी पोर आजीजवळ राहिली. रामकिसनची आई, कौसावहिनी, तिचा हात धरून उभ्या होत्या. नंतर सुनंदाकडून कळलं ते असं. भांडण गाडीवरही चालूच राहिलं. पाथर्डीच्या रस्त्याला ते चहाला थांबले, साइड स्टँडवर गाडी लावली, चहा घेतानाही तेच बोलणं. मग निघाले. स्टँड वर घेतलाच नव्हता. पुढे डावीकडे वळण आलं. गाडी डावीकडे कलली आणि स्टँड डांबरात रुतला.

रामकिसन जागीच गेला. सुनंदाचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. कौसावहिनी मोठमोठ्याने बोलत होत्या. "मीटरवर लाल दिवा लागतो म्हनं स्टँडचा. डोळ्याम्होरं दिवा लागलाय, तरी माज्या लेकराला दिसला न्हाई. इतकं डोस्कं खाल्लं हिनं. इतकं खाल्लं."

सुनंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिथे होतो. दोन वाक्यं बोलायची होती. मी चप्पल घालून घरी आलो.

नंतर ती ऊसतोडीला गेली नाही. एकट्या बाईचा अर्धा कोयता, अर्ध्या कोयत्याला कोण नेणार? शेजारच्या गावात शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला मिळालं. गाडी पडून होती. हँडल आणि लेगगार्ड वाकलं होतं, मीटरला ओरखडाही नव्हता. तिच्या भावाने ती सरळ करून घेतली आणि माळावर तिला चालवायला शिकवली. सुरुवातीला लोक हसले. मग सवय झाली. कौसावहिनींना रक्तदाबाच्या गोळ्या आणायला तीच मागे बसवून शिरूरला न्यायची. पण त्या सुनेशी बोलत नसत. समोरासमोर असल्या तरी शिवानीला सांगत, "तुज्या आयला म्हन, मीठ संपलंय." आणि सुनंदा म्हणे, "आजीला म्हन, आनते." पोर मध्ये उभी राहून निरोप पोचवायची. भिंतीपलीकडून हे मला रोज ऐकू यायचं.

दरम्यान माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सगळं लख्ख दिसायला लागलं.

अपघाताला दोन वर्षं झाली असतील. एका रविवारी दुपारी बाराच्या उन्हात सुनंदा गाडी घेऊन माझ्या पडवीसमोर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "तात्या, काटा हालंना. जरा बघता का?"

मी बाहेर आलो. गाडी साइड स्टँडवर होती, चावी चालू होती. आणि मीटरवर स्टँडचा दिवा लागला होता. लाल.

मी वाकून दिव्याजवळ डोळे नेले. ती म्हणाली, "काय झालं, तात्या?"

"हे मीटर कुणी उघडलं?"

"कोन उघडतंय? तुमीच केलतं ना ते सगळं."

मी स्टँड वर केला, दिवा विझला. खाली केला, लागला. स्क्रू पाहिले. माझ्या नेलपॉलिशचे चारही ठिपके जसेच्या तसे होते. पडवीत घेऊन मीटर खोललं, भिंग लावलं. नव्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. तिथे मीच बसवलेला निळा एलईडी होता. हिरवी खूण उलट्या बाजूला. दिव्यावरची प्लास्टिकची चकती बिनरंगी, म्हणजे लाल रंग तिथूनही येणं शक्य नाही. थेट बॅटरी लावली. लागला नाही. तीनदा लावून पाहिलं. मग काट्याची गरारी साफ करून मीटर गाडीवर चढवलं, स्टँड खाली केला... आणि लाल दिवा लागला.

सुनंदाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या दिव्याकडे बघत होती.

"दोन वर्सं झाली, तात्या," ती म्हणाली. "रोज स्टँड उचलायच्या आदी ह्याच्याकडं बघती. इतका लाल हाय. भर उनात दिसतोय. त्यांना कावून दिसला न्हाई? आत्याबाई म्हनत्यात ते खरंच आसंल."

आता मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. पण माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण तेच लिहायला बसलो आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. दिवा लागतो आहे. म्हणजे तेव्हाही लागला असेल. म्हणजे माझा काही दोष नाही. बॅटरीने तीनदा नाही म्हटलं होतं, आणि तरी मला ते पटवून घ्यायचं होतं.

"काटा झाला नीट," मी म्हणालो. ती गेली.

असं चार वर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात कौसावहिनींनी अंथरूण धरलं. मी बघायला गेलो तेव्हा सुनंदा त्यांच्या पायाला तेल चोळत होती. वहिनींनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता.

"तात्या, तुमी जाणते. मीटर तुमच्याच हातचं. खरं सांगा... दिवा लागत हुता ना?"

चोळणारे हात थांबले. शिवानी दारात उभी होती.

"लागत होता, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. सुनंदा पुन्हा तेल चोळू लागली. चौथ्या दिवशी वहिनी गेल्या. सहा वर्षांत त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि गेल्या त्या माझा शब्द प्रमाण मानून.

त्यानंतर मला जेवण गोड लागेना. दिवसकार्य उरकलं आणि मी त्यांच्या ओट्यावर जाऊन सुनंदाला सगळं सांगितलं. मोतीबिंदू, जळालेला एलईडी, बॅटरी लावल्यावर काळा राहिलेला दिवा, माझं 'झालं'. संपल्यावर एवढंच विचारलं.

"आत्याबाई हुत्या तवा कावून न्हाई सांगितलं?"

मी उठून गाडीजवळ गेलो.

शिवानी, आता तेरा वर्षांची, आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि गाडीची चावी फिरवली. स्टँड खालीच होता.

"तात्या, लागतोय की."

"हो. पण तेव्हा लागत नव्हता."

"मग कुनी दुरुस्त केला?"

"कुणीच नाही."

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं भ्रम झालेल्या म्हाताऱ्याकडे बघतात. मी मीटर खोलून दोघींना उलटा एलईडी दाखवला. शिवानीला त्यातलं काही कळलं नाही. बसवला आणि तो पुन्हा लागला. मी म्हणालो, काढूनच टाकतो. सुनंदा म्हणाली, "नगं. हाय तसा ऱ्हाऊ द्या."

मग मी वाडीत सांगत सुटलो. पारावर, भजनाला, दळणाच्या गिरणीत. लोकांनी ऐकून घेतलं. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तात्या, तिचं मन राखायला बोलताय, कळतंय आमाला. पर दिवा तर सगळ्यांनी पाह्यलाय." शिरूरच्या मेकॅनिककडे गाडी नेली. तो म्हणाला, "चालू हाय की, तात्या. चालू वस्तूला काय दुरुस्त करू?" माझा मुलगा म्हणतो, कुठून तरी वीज उलटी येत असेल. येत असेल. पण निळ्या एलईडीतून लाल रंग कुठून येतो, हे त्यालाही सांगता आलं नाही.

सहा वर्षं मी खोटं बोललो आणि सगळ्यांनी मान डोलावली. आता खरं बोलतो तर तो दिवा माझ्याविरुद्ध साक्ष देतो.

गेल्या आठवड्यात सुनंदा शाळेतून परतताना दारात थांबली. गाडी चालूच ठेवली होती, पाय जमिनीला टेकवले होते.

"तात्या, बाया म्हनत्यात तुमी माझ्यासाठी खोटं बोलताय. माझी शपथ हाय, खरं सांगा."

"खरंच सांगतोय, पोरी."

"आत्याबाईला बी तुमी खरं म्हनूनच सांगितलं हुतं."

ती गेली. माझ्याकडे पुरावा नाही, आणि माझ्या शब्दाला जी किंमत होती ती मीच घालवली. म्हणून हे इथे लिहीत आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तिला ओळखत नाही, तो दिवाही तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्यातल्या कुणी जाणकाराने त्या लाल उजेडाचा उलगडा केला तर बरंच आहे. मला तो झालेला नाही, होईल असं वाटतही नाही.

पण त्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तो दिवा लागला नव्हता. रामकिसनला तो दिसला नाही, कारण दिसायला तिथे काही नव्हतंच. सुनंदाच्या बोलण्याने काही झालं नाही. ते मी केलं.