तीनवारची बोली

जुन्या सामानाच्या लिलावघरात तो चौथऱ्यावर उभा राहिला की आवाज माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत जायचा. 'एक वार, दोन वार' हे तो ऐसपैस म्हणायचा, आणि 'तीन वार' असं तोडायचा की हातोड्याची गरजच पडू नये. त्यावरून त्याचं नाव पडलं तीनवार. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

कपाटं, आरसे, बंद पडलेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, गेलेल्या माणसांची पुस्तकं, काय काय त्याच्या समोरून गेलं. स्वतः त्याने तिथून कधी चमचासुद्धा घेतला नाही. "पुकारणारा घ्यायला लागला की पुकारण्यात पाणी शिरतं," तो म्हणायचा. बंद पाकिटातून येणाऱ्या निविदांना तर तो बोली मानायलाच तयार नसे. "समोरच्याचं तोंड दिसत नाही, ती कसली बोली? ती चिठ्ठी." तोंडं वाचण्यात तो मुरलेला होता. एखादा कानाची पाळी चोळायला लागला की गडी आता संपत आला, हे त्याला वरून कळायचं.

लेक त्याच्या हाताखाली तयार झाली. आधी नुसती वस्तूंना आकडे चिकटवायची, मग दुपारच्या सुस्तीत किरकोळ माल पुकारू लागली. त्याने तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. कोणासाठी रेंगाळायचं नाही. आणि हातोडा पडल्यावर साक्षात देव हात वर करून उभा राहिला तरी त्याच्याकडे बघायचं नाही.

मग घसा बसला. आधी थंडीने बसला, मग धुळीने बसला, मग काही कारण नसताना बसून राहिला. डॉक्टरांनी गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढी कुजबूज तेवढी उरली. बायको काळजाने घट्ट, जिभेने तिखट. "जन्मभर दुसऱ्यांना बोलायला लावलंत," ती म्हणाली, "आता जरा ऐकायची सवय करा." तो हसला. हसण्यालाही आवाज नव्हता.

चौथऱ्यावर लेक गेली. तो घरी बायको सांगेल ते करू लागला. नळ बदलला, बिजागऱ्यांना तेल घातलं, पडदे धुतले. स्वच्छ पडदे पुन्हा पाण्यात घालताना दिसला तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, बोली लावायला आवाज कुठे लागतो? हात वर केला की झालं. लोकांच्या वतीने बसा की तिकडे जाऊन."

असे लोक होते. कोणाला आपली ओढ व्यापाऱ्यांना दिसू द्यायची नसे, कोणाला नातेवाइकांसमोर वस्तू घ्यायची लाज वाटे. त्यांच्यासाठी तीनवार मागच्या रांगेत भिंतीकडे बसू लागला. खालून सगळं वेगळंच दिसत होतं. तोंडांऐवजी माना, टकलं, अंबाडे. आणि समोर लेक. पहिल्यांदा त्याने हात वर केला तेव्हा ती "मागे, भिंतीकडे" एवढंच म्हणाली आणि पुढे सरकली. ओळख नाही, पाळख नाही. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

त्याच गल्लीत घड्याळजी राहायचा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. एका बँकेच्या जुन्या इमारतीतलं उभं घड्याळ लिलावात यायचं होतं. पुरुषभर उंच, लंबक पितळी. घड्याळजीने अर्धं आयुष्य त्याची देखभाल केली होती.

"मला ते हवंय," घड्याळजी म्हणाला. "पण मी आलो तर सगळ्यांना वास लागेल. माझं तोंड म्हणजे सताड उघडं दुकान." त्याने एक आकडा सांगितला. "याच्या पुढे जायचं नाही. घरात तसं ठरलंय."

"आणतो," तीनवार कुजबुजला.

लिलावाला बाकीचे लवकर गळाले. उरली एक बाई, नवीन उपाहारगृह सजवणारी. दोघांची चढाओढ चालली. तीनवार घड्याळजीच्या आकड्यावर पोचला आणि बाई त्याच्यावर एक पायरी चढली. चढली, पण तिचा हात कानाकडे गेला. मागूनही ते त्याला दिसलं. अजून एकदा हात वर केला असता तर बाई थांबली असती.

"एक वार," लेक म्हणाली.

त्याने हात मांडीखाली दाबून धरला. आकडा दोस्ताचा होता, आपला नव्हता.

"दोन वार."

आणि ती थांबली. दुसऱ्या कोणाला जाणवलं नसेल, त्याला जाणवलं. ती त्याच्यासाठी थांबली होती. त्याला रागच आला. पण राग येता येताच हात सुटला आणि वर गेला. तोवर "तीन वार" म्हणून हातोडा पडला होता.

"हात आला होता!" पुढचा एक व्यापारी ओरडला. माना वळल्या.

"हातोडा पडला होता," लेक म्हणाली. "पुढची वस्तू."

रात्री घरी सगळे ताटावर बसले.

"थांबलीस," तो कुजबुजला.

"हो."

"का?"

"चुकलं. पुन्हा नाही थांबणार, बाबा."

"हात दिसला होता?"

"दिसला होता."

तो मान हलवून जेवू लागला. बायकोने दोघांकडे पाहिलं. "घड्याळच गेलं ना? मग वाढू का अजून?"

सकाळी तो घड्याळजीकडे गेला. खुर्ची जवळ ओढून त्याने सगळं सांगितलं, आकड्याच्या पुढे हात गेला तेही.

"आणि वरचे पैसे?"

"मी घातले असते."

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "अरे, मग ते तुझं घड्याळ झालं असतं! मी तुझ्या घड्याळाला माझ्या घरात जागा का द्यावी?" मग तो पोट धरून हसला. "बरंच झालं. माप घेतलं काल. जिन्यातून वर आलंच नसतं." पुढे उपाहारगृहाच्या बाईने घड्याळ चालू करून द्यायला त्यालाच बोलावलं, आणि तो चहा पिऊन, लंबक पुसून येऊ लागला.

तीनवारने मात्र लोकांच्या वतीने बसणं सोडलं. कोणी विचारलं तर मान हलवायचा, कारण सांगायचा नाही. लेकीने ते पुन्हा काढलं नाही. ती चांगली पुकारते, असं व्यापारी म्हणतात. जरा घाई करते, असंही म्हणतात.

आता रविवारी शेजारी जमून पत्ते खेळतात. पत्ते वाटले की आपले किती हात होतील ते प्रत्येकाने आधी बोलायचं, आणि तेवढेच करायचे. तीनवार बोटं दाखवतो. त्याची बोली नेहमी चढी, आणि हात नेहमी कमी. बायको वैतागते. परवा त्याने चार बोटं दाखवली तर मागून त्याचे पत्ते बघत लेक म्हणाली, "बाबा, तीनच होतील."

त्याने अंगठाही वर केला.