आमदारांच्या सत्काराला अण्णा

आमचे आमदार पहिल्यांदा निवडून आले त्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. चामराजपेटेतल्या माझ्या माहेरच्या गल्लीनं त्यांचा सत्कार ठरवला. शाल पांघरवायला गल्लीतलं सगळ्यांत वयस्क माणूस हवं, म्हणून मंडळी माझ्या वडिलांकडे आली. वडिलांना मीही अण्णाच म्हणते, साऱ्या गल्लीसारखी. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे.

त्या पहिल्या निवडणुकीत आमदारांच्या विरोधात अण्णाही अपक्ष उभे होते आणि सपाटून पडले होते, हे त्या मंडळींना ठाऊक नव्हतं. निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. अण्णा "सरी, येतो" एवढंच म्हणाले; सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं.

मंडळी गेल्यावर आई म्हणाली, "तुम्ही पडला होतात ते सांगायचं तरी."

"त्यांनी विचारलं नाही."

मी तेव्हा कॉलेजात होते. अण्णांची पत्रकं मीच घरोघर वाटली होती. त्यांवर एकच मागणी होती: सरकारी शाळेत मुलींसाठी संडास. निकालानंतर अण्णा दोन महिने कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफीला गेले नाहीत. त्यामुळे सत्काराच्या दिवशी मी माझ्या घरून, बनशंकरीहून, मुद्दाम आले. त्यांना एकटं पाठवायला मन होईना.

अण्णांनी शाल पांघरवली तेव्हा आमदारांनी त्यांना ओळखलं. हात धरून ठेवला आणि माइकवर कन्नडमध्ये म्हणाले, "हे माझ्याविरुद्ध उभे होते. आज तेच माझा सत्कार करतायत." टाळ्या झाल्या. मग चार शब्द बोला म्हणून त्यांनी माइक अण्णांपुढे धरला.

अण्णा कन्नडमध्येच म्हणाले, "शाळेत तुम्ही मुलींचे संडास बांधलेत, चांगलं केलंत. पण तीन दारं मोडलीत. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. परवा गणवेशाची मापं घ्यायला गेलो होतो, तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं."

लोक हसले. आमदार हसले नाहीत. त्यांनी सहायकाला लिहून घ्यायला सांगितलं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "शाल घालताना वाईट नाही वाटलं?"

"तेव्हा वाटलं होतं. चांगलं वर्षभर," अण्णा म्हणाले. "पण संडास त्यांनी बांधले. मी निवडून आलो असतो तर मला जमलं असतं की नाही, कोण जाणे."

पुढच्या आठवड्यात शाळेत सुतार आला. दोन दारं नवी बसली. तिसऱ्यासाठी अण्णा आता दर सोमवारी आमदारांच्या कचेरीत जातात. तिथे त्यांना खुर्ची देतात, कॉफीही देतात. दार अजून आलेलं नाही.