काकूंचं पान आणि नवा एजंट

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणतात. वयाने त्या माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण कुणाचा चेहरा उतरलाय, कुणी डबा न उघडताच परत नेलाय, कुणाची सर्दी खरी आणि कुणाची सुट्टीपुरती, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आमचे साहेबसुद्धा त्यांना काकू म्हणतात आणि जरा टरकून असतात.

आमची कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवते. कोणता रुग्ण, कोणत्या मशीनवर, कधी, हे सगळं त्यात असतं. ते अधूनमधून आजारी पडतं. तेव्हा केंद्रातल्या सिस्टर आमचं स्टेटस पेज उघडतात. चालू आहे की बंद, बंद असेल तर आत्ता काय करायचं, एवढं तिथे लिहिलेलं असतं. हे पान दुसऱ्याच एका कंपनीच्या सेवेवर आहे, म्हणजे आम्ही आडवे झालो तरी ते उभं राहतं. ते लिहितात काकू. आम्ही त्याला नुसतं ‘पान’ म्हणतो.

काकूंआधी त्या पानावर ‘सेवेत अंशतः व्यत्यय संभवतो’ असली वाक्यं असायची. वाचून सिस्टर मला फोन करायच्या, कारण फोनवर बसते मी. काकूंनी आल्या आल्या हे सगळं मोडीत काढलं. कुणी ‘दिलगीर आहोत’पासून सुरुवात केली की म्हणायच्या, “दिलगीर मागाहून व्हा, आधी काय बंद आहे ते सांगा.” लिहिलेला प्रत्येक संदेश त्या घरी नवऱ्याला फोनवर वाचून दाखवतात. काकांना कळला तरच तो पानावर जातो. “म्हणजे मी मठ्ठपणाचं माप आहे,” असं काका एकदा मला म्हणाले. तक्रार होती की अभिमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि हे सगळं त्या टर्मिनलमधून करायच्या. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे चित्र नाही, बटण नाही, नुसतं टाइप करून हुकूम सोडायचा. माउसने पाच ठिकाणी टिचकी मारेपर्यंत सिस्टर ताटकळतात, म्हणून त्या आपल्या आपण ते शिकल्या.

पण त्यामुळे त्या अडकून पडल्या. पान दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव धजावत नसे. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसलेल्या असतानाही एका हातात मोबाइल. अशात त्यांच्या लेकीला दिवस गेले. ती लांब राहते, पहिली वेळ, सासरी मोठं माणूस कुणी नाही. “आई, तू येशीलच ना?” असं ती दर फोनला विचारायची आणि काकू “बघू” म्हणायच्या. लेकीला ‘बघू’ म्हणणारी आई पाहिली की माझं डोकं फिरतं. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलंही.

मग साहेबांनी एआय एजंट आणला. हा एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पायरी पायरीने करणारा प्रोग्राम. यंत्रणेवर नजर ठेवायची, बिघाड दिसला की संदेश लिहायचा आणि पानावर टाकायचा, असा बेत. तो पानाला जोडायचं काम काकूंनी स्वतःहून मागून घेतलं. मला वाटलं होतं नाक मुरडतील, पण त्या हरखल्या होत्या. हा जमला तर त्या लेकीकडे जाणार होत्या.

त्यांनी आपले सगळे जुने संदेश एजंटला वाचायला दिले. पानाच्या सेवेचा कमांड लाइनवरचा, म्हणजे त्याच काळ्या खिडकीतून चालणारा प्रोग्राम त्याला दाखवला: या कमांडने पान वाचायचं, याने संदेश लिहायचा, याने प्रसिद्ध करायचा. त्या खिडकीशी अशा बोलत होत्या, जणू नवीन सुनेला फडताळ दाखवतायत. तपासायला त्यांनी एक सरावाचं पान उघडलं होतं, जे कुणालाच दिसत नाही.

सरावातही काकूंचा एक हट्ट असतो. ‘टेस्ट टेस्ट’ असलं काही लिहायचं नाही. “लुटुपुटूचं लिहिलं तर तपासणीही लुटुपुटूचीच होते.” तेव्हा एजंटने सरावासाठी अगदी खऱ्यासारखा संदेश लिहिला: ‘आमची यंत्रणा बंद आहे. नवीन रुग्ण आत घेऊ नका. छापील यादी काढून पाळ्या पुन्हा लावा.’ काकांना वाचून दाखवला. काकांना कळला. काकूंनी एजंटला तो प्रसिद्ध करायला सांगितलं.

आणि माझे फोन एकदम वाजायला लागले.

झालं असं की सकाळी त्याच खिडकीत काकूंनी खऱ्या पानाची चावी भरली होती. चावी म्हणजे अक्षरांची ती लांबलचक ओळ, जी दाखवली की सेवा लिहू देते. एजंट त्याच खिडकीतून उठवला, तर त्याच्या हाती तीच चावी आली. सरावाचा संदेश खऱ्या पानावर गेला आणि तिथून प्रत्येक केंद्राच्या मोबाइलवर. काकूंचा संदेश म्हटल्यावर एकाही सिस्टरने शंका घेतली नाही. सगळ्यांनी तत्काळ दार लावून घेतलं.

साहेब धावत आले. “उडवून टाका तो संदेश! आत्ताच्या आत्ता!”

“नाही साहेब,” काकूंची बोटं चालूच होती. “लोकांनी वाचलाय. आता पुसला तर उद्या खरं लिहिलेलंही कुणी मानणार नाही.”

“मग निदान तांत्रिक कारणाने झालं म्हणा.”

“तंत्र बिचारं काय करणार? त्याला सांगितलं ते त्याने केलं.”

त्यांनी खाली लिहिलं: ‘वरचा संदेश चुकीचा आहे. यंत्रणा चालू आहे, रुग्णांना नेहमीच्या पाळीने आत घ्या. मी सराव करताना तो माझ्या चुकीने इथे आला.’ त्या वेळी काकांना फोन केला नाही. मग माझ्या शेजारी बसून एकेका केंद्राला स्वतः फोन लावला. एका सिस्टरने सांगितलं, “एक आजोबा परत निघाले होते हो. रिक्षात बसले होते. हाका मारून उतरवले.” काकूंनी फोन ठेवला आणि हातात तोंड लपवलं.

“मी नाही जात लेकीकडे,” त्या म्हणाल्या.

“एजंटला काढून टाका, पण तुम्ही जा,” मी म्हटलं.

“त्याची काय चूक? चावी मी दिली. आणि आजोबा घरी गेले असते तर?”

मला राग आला आणि रागाच्या भरात मी बोलून गेले, “मग प्रसिद्ध करायची चावी त्याला देऊच नका! त्याने लिहावं, मी वाचेन, मी टाकेन.” काळ्या खिडकीचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो. पण काकूंनी माझ्याकडे अशी मान वर करून पाहिलं की शब्द गिळायची सोय राहिली नाही.

पुढचे रविवार मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काढले. काका मटार सोलायचे, मी कमांडी चुकायचे. काकूंनी एजंटला नवी चावी करून दिली: वाचता येईल, मसुदा ठेवता येईल, प्रसिद्ध करता येणार नाही. सरावाच्या खिडकीचा रंग हिरवा केला, खरीचा लाल. मी चुकले की ओरडायच्या नाहीत, नुसतं “परत” म्हणायच्या. इतक्या वेळा ‘परत’ मी शाळेतही ऐकलं नव्हतं. आपलीच चूक उलगडून तिची शिकवणी घेणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

काकू आणि काका लेकीकडे गेले. आणि व्हायचं तेच झालं, भर दुपारी यंत्रणा खरोखर बसली. एजंटचा मसुदा आला: पाळ्या दिसत नाहीत, मशीनवर असलेल्या रुग्णांचं चालू ठेवा, पुढच्यांना थांबवून घ्या, घरी पाठवू नका. मी तो दोनदा वाचला. काकांना फोन लावला, तर ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, लेकीला नुकतंच आत नेलेलं. तरी त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, “कळला. टाक.” लाल खिडकीत मी कमांड सोडली.

त्यानंतर मी मोबाइल समोर ठेवून बसले. केंद्रांच्या मोबाइलवर गेलेला संदेश काकूंच्याही मोबाइलवर गेला होता. आता त्यांचा फोन येणार, शब्द बदल म्हणणार, निदान ‘परत’ म्हणणार. यंत्रणा पूर्ववत झाली, मी तेही पानावर लिहिलं. एकही रुग्ण परत गेला नाही. फोन आला नाही.

संध्याकाळी आला तो फोटो. गुंडाळलेलं लालबुंद बाळ, आणि त्याला धरलेले काकूंचे दोन्ही हात. खाली लिहिलं होतं, ‘नात झाली. दोघी छान आहेत.’ पानाबद्दल चकार शब्द नव्हता. मी भर ऑफिसात रडले.