घरी कोण असतं?

फिजिओथेरपिस्टच्या बॅगेत गोळ्या-इंजेक्शनं नसतात, पण किश्शांना जागा पुरत नाही. पेशंटचा हात अर्धा तास हातात धरून बसायचं म्हटल्यावर माणसं बोलणारच! त्यातून मी आधी इंग्लंडच्या हॉस्पिटलात आणि मग आपल्या बडोद्यात, दोन्हीकडे लकव्याच्या पेशंटांमध्येच वर्षं काढली. त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचा माल आहे.

तिकडे एका आजोबांचं तोंड वाकडं झालं. बघता बघता अँब्युलन्स, स्कॅन, इंजेक्शन, सगळं पार पडलं. तो थाट बघून मी गारच! घरी सोडताना मी ठरलेला प्रश्न विचारला, "घरी कोण असतं?"

आजोबा म्हणाले, "मांजर."

ते हसले. मला हसावं की नाही ते कळेना.

इकडे फतेगंजच्या क्लिनिकमध्ये पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न विचारला, तर दारातून सून, जावई, शेजारी आणि रिक्षावालासुद्धा आत आला! "तुम्ही कोण?" म्हटलं, तर रिक्षावाला म्हणाला, "बेन, हवे रिपोर्ट सांभळीने ज जईश!" आणि खरंच, रिपोर्ट ऐकल्याशिवाय तो हलला नाही.

पण एवढी माणसं पेशंटला हॉस्पिटलात आणतात कधी? एका गृहस्थांचे एका बाजूचे हातपाय सकाळी लुळे पडले, आणले संध्याकाळी. आधी दृष्ट काढली, मग मालिश, मग कोणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा. जावई इंजिनियर बरं का! मी चिडून विचारलं, "आणि दुपारभर काय करत होतात?"

"चोघडियुं सारुं नहोतुं, बेन."

मुहूर्त चांगला लागेपर्यंत इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ टळून गेली होती. त्यांचा पाय अजून ओढतो, आणि हे सांगताना मला अजून राग येतो.

टिपणीसकाका मात्र वेळेवर पोचले होते. दांडिया बाजारात राहणारे, ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पाय सुधारत होता, पण उजवा हात परत येतो की नाही, याचा घोर सगळ्यांनाच होता.

तिकडे चालायचा सराव चकचकीत जिममध्ये, गुपचूप. मी काकांना कमाटीबागेत न्यायची. तिथे बाकाबाकावर तज्ज्ञ बसलेले! "घूंटण वाळो, काका, घूंटण!" म्हणजे गुडघा वाकवा. बरं, सल्लाही अगदी बरोबर! सगळं बडोदं फिजिओ आहे, फी फक्त मी घेते.

काकांच्या मुलाने अमेरिकेहून हाताच्या व्यायामाचं मशीन पाठवलं. पुढच्या खेपेला मी त्यांच्या घरी गेले, तर गॅलरीत मशीनवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या! काकू म्हणाल्या, "अगं, ऊन नेमकं तिथेच येतं."

मी काकांना मटार सोलायला बसवलं.

खरी अडचण काकूच होत्या. काकांचा घास, पाणी, चष्मा, सगळं त्याच करायच्या. मी म्हटलं, "काकू, तिकडे घरी कोणी नसतं, म्हणून माणूस झक मारत स्वतः जेवतो. तुमच्या मायेने यांचा हात जाईल हो!"

काकूंचे डोळे भरून आले. मलाच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी गेले, तर काकूंचा उजवा हात पट्टी बांधून गळ्यात! "बाथरूममध्ये घसरले," म्हणाल्या. समोर ताट, आणि काका थरथरत्या उजव्या हाताने त्यांना वरणभात भरवत होते. निम्मा भात साडीवर.

"काकू, तुमचा डावा हात चांगला आहे ना?"

"इश्श! डाव्या हाताने कोणी जेवतं का?"

काकांचाही डावा हात चांगला होता. पण बायकोला डाव्या हाताने घास भरवायचा, हे काही त्यांना पटलं नसावं.

मी विचारलं, "मग स्वयंपाक?"

"शेजारच्या हंसाबेन देतात करून. पोळ्यासुद्धा!" काकूंनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि पाणी आणायला आत गेल्या.

काकांनी ताटातल्या पोळीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. सावकाश चावला. मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "हंसाबेनची... नाही... हिची."

आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.